लेखाशीर्ष २०४९ चा फलक कधी लावणार?

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील दहाही आमदार
आणि कोल्हापूर व हातकणंगले मतदारसंघांचे खासदार

सप्रेम नमस्कार.

या जिल्ह्यात फिरणाऱ्या माणसाला अलीकडे लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी हिशेबातले खात्यांचे आकडे, आपोआप पाठ होतात. गावाच्या वेशीवर, तालमीसमोर, दूध संस्थेच्या भिंतीलगत तुमचा हात जोडलेला फोटो असतो आणि खाली ओळ असते : ‘२५१५ अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण’, ‘५०५४ मधून रस्ता सुधारणा’. राज्याच्या अर्थसंकल्पाचे पुस्तक ज्याने जन्मात पाहिलेले नाही, तो पानपट्टीवालाही ‘पंचवीस-पंधरातनं आलंय’ असे बिनचूक सांगतो. मी हे चेष्टेने लिहीत नाही. सरकारी हिशेबाचा एवढा तरी भाग वेशीपर्यंत आला, याचे श्रेय तुमच्या फलकांनाच आहे.

त्याच पुस्तकात एक लेखाशीर्ष असे आहे की ज्याचा फलक मी शिरोळपासून चंदगडपर्यंत कुठेही पाहिलेला नाही. २०४९. व्याज प्रदाने. राज्याने काढलेल्या कर्जावर दरवर्षी जे व्याज भरावे लागते, ते या शीर्षाखाली पडते. २०२५-२६ या वर्षासाठी ही रक्कम ६४ हजार कोटींच्या वर धरलेली आहे. भागाकार केला तर दिवसाला पावणेदोनशे कोटींहून थोडे अधिक.

एवढ्या रकमेने माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, म्हणून तुमच्याच मापाने मोजतो. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी. म्हणजे एका आमदाराचा अख्ख्या वर्षाचा निधी राज्याच्या व्याजात साधारण चाळीस मिनिटांत संपतो. या जिल्ह्यातल्या दहाही आमदारांचा मिळून पन्नास कोटींचा निधी सात तासांच्या आत. विधानसभेतल्या सगळ्या २८८ जणांचा धरला तरी आठ दिवस पुरतो. काळम्मावाडीहून शहराला पाणी आणणारी त्रेपन्न किलोमीटरची थेट पाईपलाईन, जिच्यासाठी कोल्हापूरकरांनी पिढ्या घालवल्या, आंदोलने केली आणि २०२३ च्या दिवाळीला एकदाचे पाणी पाहिले, तिचा खर्च या हिशेबात तीन दिवसांचाही भरत नाही.

मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जमा आणि नावे एवढेच कळते. पण सरकारी हिशेबाची रचना त्यापेक्षा फार अवघड नाही आणि ती एकदा कळली की फलक वेगळे वाचता येतात. चार आकडी लेखाशीर्षाचा पहिला अंक बघायचा. शून्य किंवा एक असेल तर महसुली जमा. दोन किंवा तीन असेल तर महसुली खर्च, म्हणजे चालू खर्च. चार किंवा पाच असेल तर भांडवली खर्च, ज्यातून टिकणारे काहीतरी उभे राहते. सहा आणि सात म्हणजे कर्जे. आता वेशीवरचा फलक पुन्हा वाचा. ५०५४ चा रस्ता भांडवली आहे. २५१५ मधला रस्ता, काँक्रीटचा असला तरी, सरकारच्या वहीत महसुली खर्चात पडतो. पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने आणि व्याज जिथे पडते त्याच बाजूला.

हा फरक कारकुनी वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. १० मार्च २०२५ ला विधिमंडळात जो अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी होती आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. तूट ४५ हजार ८९१ कोटींची. भांडवली खर्चही धरला की राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी, म्हणजे वर्षभरात साधारण एवढे नवे कर्ज. यातले तीन रुपयांपैकी एक रुपयाहून थोडे अधिक कर्ज धरणासाठी नाही, पुलासाठी नाही, चालू खर्चाचे तोंड मिळवण्यासाठी आहे. आमच्याकडे एखादा व्यापारी हमाली आणि दिवाबत्ती भागवायला बाजारातून पैसे उचलू लागला की पेढीवर कुजबूज सुरू होते. राज्याच्या बाबतीत कुजबूजसुद्धा ऐकू येत नाही, कारण तुमच्यापैकी कुणी हा विषय काढतच नाही.

राज्यावरचे एकूण कर्ज २०२५-२६ अखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, हा त्या अर्थसंकल्पातला सरकारचाच अंदाज होता. हा आकडा लोकसंख्येने भागून ‘तुमच्या डोक्यावर एवढे हजार’ म्हणणारे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. तो प्रकार मला पटत नाही. कुणाच्या दारात वसुलीला माणूस येणार नाही आणि नुसते घाबरवून कुणी शहाणे होत नाही.

सरकारची बाजूही सांगतो, नाहीतर पत्र एकांगी होईल. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी तुलना केली तर हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत आहे आणि मर्यादा २५ टक्क्यांची आहे. केंद्राचे कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ५६ टक्क्यांच्या आसपास, पंजाबचे त्यांच्या राज्याच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. त्या मानाने महाराष्ट्र बरा, हे खरे आहे. अर्थमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, उत्तरात ही टक्केवारी असतेच. पण व्याज राज्याच्या स्थूल उत्पन्नातून भरत नाहीत. ते भरतात महसुली जमेतून. पिंपरीच्या कारखान्यात, मुंबईच्या बँकेत जी उलाढाल होते ती सगळी राज्याच्या तिजोरीत येत नाही. येतो तो कर. त्या जमेतल्या प्रत्येक रुपयातले साडेअकरा पैसे व्याजाला जातात. पगार आणि निवृत्तिवेतन त्यात मिळवले की निम्म्याहून अधिक रुपया मार्च महिन्यातच, तुम्ही हात वर करण्याआधीच, ठरून गेलेला असतो.

तुम्ही हात वर करण्याआधी, हे अक्षरशः खरे आहे. व्याजाचा खर्च ‘भारित’ असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे तो एकत्रित निधीवर आधीच लादलेला असतो आणि अनुच्छेद २०३ प्रमाणे तो मतास टाकला जात नाही. बाकीच्या मागण्यांवर तुम्ही ‘होय’ म्हणता, यावर म्हणावे लागत नाही. पण त्याच अनुच्छेदात हेही लिहिले आहे की अशा खर्चावर सभागृहात चर्चा करायला कुठलीही आडकाठी नाही. मत देता येत नाही, बोलता येते. या जिल्ह्यातला आमदार २०४९ वर सभागृहात कधी बोलला असेल तर ते भाषण छापून वाटावे, मी स्वतः यार्डात वाटतो.

हे कर्ज घेतात कुणाकडून, हेही तुम्ही सांगायला हवे होते. बहुतेक कर्ज म्हणजे राज्याचे रोखे. रिझर्व्ह बँक साधारणपणे मंगळवारी त्यांचा लिलाव करते आणि घेणारे कोण, तर बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. तुमच्या-आमच्या ठेवी, विम्याचे हप्ते, पगारातून कापलेला पीएफ. त्यामुळे ‘बुडवा की राव सरकारी कर्ज, काय होतंय’ असे जे मिसळीच्या टेबलावर ऐकू येते, ते म्हणणाऱ्याने स्वतःचीच पॉलिसी बुडवायला काढलेली असते.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. टोल आठवा. २०१३ ते २०१५ या काळात हे शहर ‘टोल देणार नाही’ म्हणून रस्त्यावर होते. एन. डी. पाटील सरांचे वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते, कॉम्रेड गोविंद पानसरे होते, सगळ्या पक्षांचे झेंडे होते. लढा रास्त होता आणि जिंकलाही. टोलनाके गेले. पण ज्या कंपनीने रस्ते केले होते तिचे पैसे कुणी दिले? राज्याने. शेकडो कोटींची भरपाई सरकारच्या बाजूने गेली. म्हणजे टोल कोल्हापूरकराने दिला नाही, तो गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या माणसानेही थोडा थोडा दिला. विजयाच्या मिरवणुकीत हे वाक्य कुणाच्या तोंडी आले नाही, आणि त्या दिवशी येणारही नव्हते. पुढे कधीतरी मात्र यायला हवे होते, कारण तेव्हापासून ‘सरकार देणार’ म्हणजे ‘कुणालाच द्यावे लागणार नाही’ असा समज या शहरात पक्का झाला आणि तुम्ही तो वापरलात.

लाडक्या बहिणींबद्दल लिहिताना सगळेच जपून लिहितात. मला जपायचे कारण नाही, कारण मी योजनेच्या विरोधात नाही. यार्डात झाडलोट करायला येणारी एक मावशी आहे. दर महिन्याचे पंधराशे रुपये तिच्या खात्यावर पडतात ते तिने विचारपूर्वक वाटून टाकले आहेत : हजार नातवाच्या शाळेच्या रिक्षाला, उरलेल्यात भर घालून गॅस. नवऱ्याला पासबुक दाखवत नाही. सरकारचे बाकीचे किती पैसे असे थेट, कुणाचा हात न लागता, मुक्कामी पोहोचतात हे तुम्हीच सांगा. तेव्हा पैसे देण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आकडेमोडीला.

पंधराशे गुणिले बारा म्हणजे अठरा हजार. निवडणुकीच्या सुमारास लाभार्थींची संख्या अडीच कोटींच्या घरात सांगितली जात होती. गुणाकार ४५ हजार कोटी येतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६ हजार कोटींची. अठरा हजाराने भागा, दोन कोटी महिला येतात. म्हणजे अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी कागदावर दोनच शक्यता होत्या : एक तर पन्नास लाखांच्या आसपास बहिणी गाळल्या जाणार, किंवा पुढे पुरवणी मागण्यांत आणखी पैसे मागितले जाणार. हा हिशेब तिसरीच्या पोराला येतो. तुम्ही सभागृहात होता. मतदारसंघात परतून तुमच्यापैकी कुणी हे सांगितले? त्यानंतर छाननी सुरू झाली, नावे कमी होऊ लागली, आणि बायका तुमच्या कार्यालयाबाहेर रांगा लावून ‘आमचं नाव का गेलं’ विचारू लागल्या तेव्हा उत्तर मिळाले, ‘ऑनलाईन प्रॉब्लेम आहे.’

आणि निवडणुकीत दिलेले महिना एकवीसशेचे आश्वासन? त्याच अडीच कोटी महिलांना महिना २,१०० दिले तर वर्षाचे ६३ हजार कोटी होतात. वर २०४९ चा आकडा दिलाय, तो परत बघा. जवळजवळ तेवढाच. जुन्या कर्जाचे व्याज नसते तर आश्वासन पाळता आले असते, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण बहिणींना एकवीसशे ‘का’ मिळत नाहीत याचे खरे उत्तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकातच आहे, आणि ते त्यांना द्यायला कुणाची जीभ रेटत नाही.

पुरवणी मागण्यांचे वेगळेच. मार्चमध्ये वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर होतो. चार महिनेही होत नाहीत तोवर, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात, ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. आदल्या वर्षी जुलैत त्या ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या, तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. पुरवणी मागणी हा अचानक आलेल्या खर्चासाठीचा दरवाजा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तो खरा अचानक खर्च. मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या, त्याला आधी तरतूद कशी असणार? पण जे मार्चमध्येच माहीत होते ते जुलैत का येते? कारण मार्चमध्ये दाखवले असते तर तूट फुगलेली दिसली असती. पुरवणी मागण्यांच्या या सवयीवर कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा बोट ठेवले आहे. ते अहवाल विधिमंडळात मांडले जातात, बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि तुम्ही तोवर परतीच्या गाडीत बसलेले असता.

आता शक्तिपीठ महामार्ग. यात जमिनीचा प्रश्न आहे, पुराचा आहे, आणि त्यावर करवीर, कागल, शिरोळ, भुदरगडचे शेतकरी माझ्यापेक्षा चांगले बोलतात; महामार्ग अडवूनही बोलले आहेत. मी फक्त पैशाचे लिहितो. २०२५ च्या आराखड्यात वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, अंदाजे खर्च ८६ हजार कोटींच्या पुढे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींना मान्यता दिली. या रकमेची फोड करून बघा. जमिनीसाठी १२ हजार कोटी आणि त्या कर्जावरच्या संभाव्य व्याजापोटी ८ हजार ७८७ कोटी. तेव्हा एकही खडी पडलेली नव्हती, एकही मोजणी आमच्या भागात सुखाने झालेली नव्हती, आणि व्याजाची तरतूद तयार होती. बारा रुपयांच्या जमिनीला पावणेनऊ रुपयांचे व्याज! वित्त विभागानेच या खर्चाबद्दल सावध केल्याच्या बातम्या त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. महामार्ग हवा म्हणणाऱ्या आमदारांनी तो जरूर हवा म्हणावे, नको म्हणणाऱ्यांनी नको म्हणावे. दोघांनीही हे ८ हजार ७८७ कोटी कुठल्या भाषणात उच्चारले ते मला दाखवावे.

मी सगळ्या कर्जाला नावे ठेवत नाही, हे लक्षात घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेने काय केले ते आपण सगळ्यांनी पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पाणी पन्नास फुटांच्या पार गेले. महामार्ग पाण्याखाली, शहराला दूध-पेट्रोल नाही. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाची कामे करायचे ठरले. हेही कर्जच आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पुढच्या पिढीने फेडले तरी चालेल, कारण वाचणार तीच आहे. अशा कर्जाचा फलक लावायला लाज कसली? ‘हे काम कर्जातून होत आहे, फेड अमुक सालापर्यंत’ एवढे लिहा. राधानगरीच्या धरणाचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे भाषण पुरे होत नाही. शाहू महाराजांनी ते सुरू केले, पैसा अपुरा पडला तेव्हा अर्ध्यावर थांबवले आणि उरलेले काम पुढच्या काळात पूर्ण झाले. थांबवल्याचा भाग तुमच्या भाषणात नसतो.

वहीत न दिसणारी देणीही आहेत. कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये थकलेल्या बिलांचा आकडा ८९ हजार कोटींपर्यंत सांगितला. सरकारला तो मान्य नसेल, तर खरा आकडा सरकारने द्यावा. पण न दिलेले बिल कर्जाच्या ९ लाख ३२ हजार कोटींत धरलेले नसते, हे लोकांना माहीत नाही. गावातला छोटा ठेकेदार बायकोचे दागिने गहाण टाकून गटार बांधतो आणि तुम्ही त्या गटारीवर नारळ फोडता. म्हणजे ते कर्ज राज्याच्या नावावर नाही, त्याच्या नावावर आहे.

दुसरे अदृश्य देणे म्हणजे थकहमी. यावर या जिल्ह्यात बोलायचे म्हणजे अवघड, कारण तुमच्यापैकी काहीजण सकाळी कारखान्याच्या संचालक मंडळात असतात आणि दुपारी विधिमंडळात. कारखाना कर्ज घेतो, सरकार हमी देते, कारखान्याने भरले नाही तर सरकार भरते. साखर उद्योगाने या जिल्ह्याला उभे केले हे मी नाकारत नाही. माझा सगळा गूळव्यवहार त्याच उसावर जगतो. पण ज्या कर्जाला आपण संचालक म्हणून अर्ज केला, त्यालाच लोकप्रतिनिधी म्हणून हमी मिळवून दिली, असे असेल तर मतदारांना ते निदान कळले पाहिजे.

३० जून २०२६ पर्यंत शेतकरी कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सरकारने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस जाहीर केले. आपल्या जिल्ह्यात हा विषय नाजूक आहे. इथे सोसायटीची वसुली ऊसबिलातूनच होते, त्यामुळे आपला शेतकरी बहुतेक नियमित फेडणारा. मागच्या कर्जमाफीत त्याला पन्नास हजारांच्या प्रोत्साहन अनुदानासाठी बरीच वाट पाहावी लागली. येणारी माफीही कर्ज काढूनच होणार हे उघड आहे. ती रक्कम कुठल्या शीर्षाखाली पडणार आणि नियमित फेडणाऱ्याच्या वाट्याला काय, हे आत्ताच विचारून ठेवा. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

खासदारसाहेब, तुमच्याकडे थोडक्यात येतो, कारण दिल्लीचा हिशेब तिथे निदान दरवर्षी रुपया-पैशांत छापून मिळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. संरक्षणाचे आठ. व्याजाची रक्कम पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राचा सगळा अर्थसंकल्प पावणेदोन-दोन वेळा भागेल एवढी. तुम्हाला माझी विनंती एकच आहे. २३ मार्च २०२३ ला लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प चर्चेविना काही मिनिटांत मंजूर केला. गोंधळ कुणी घातला आणि का, यात मी शिरत नाही. पुन्हा तसे झाले तर निदान त्या दिवशी कोल्हापूरच्या वतीने काय बोलायचे होते ते इथे येऊन बोला. शिवाय राज्यांना केंद्राकडून पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळते. त्यातून काम झाले की ‘केंद्राचा निधी खेचून आणला’ असा फलक लागतो. ते कर्ज आहे. बिनव्याजी आहे हे चांगलेच, पण परत द्यायचे आहे.

मागणी काय? गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याला आम्ही पट्टी देतो. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल किती कापली आणि हातात किती. अडाणी शेतकरीसुद्धा पट्टी घेतल्याशिवाय यार्डातून हलत नाही, आणि उचल न दाखवता पट्टी देण्याची आमची हिंमत नाही. तशी एक पट्टी वर्षातून एकदा तुम्ही आम्हाला द्यावी. त्यात तुमच्या मतदारसंघात आलेला पैसा शीर्षवार असावा : किती महसुली, किती भांडवली, किती कर्जातला. मंजूर किती आणि प्रत्यक्ष वितरित किती, हा फरक तर हवाच, कारण फलक मंजुरीला लागतो आणि रस्ता वितरणाने होतो. ठेकेदारांची थकलेली बिले असावीत. तुमच्याशी संबंधित संस्थांना मिळालेली थकहमी असावी. आणि तळाशी २०४९.

२०२४ च्या निकालानंतर या जिल्ह्यातले दहाही आमदार सत्तेच्या बाजूला आहेत. त्यात वावगे काही नाही, लोकांनी निवडून दिले. पण त्यामुळे विधानसभेत कोल्हापुरातून सरकारला अडचणीचा प्रश्न विचारणारे बाक रिकामे आहे. शहराच्या महापालिकेत तर नोव्हेंबर २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत प्रशासकच होता, तिथे प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. अशा वेळी सत्तेतल्या माणसानेच हिशेब मांडणे भाग आहे. दुसरा कोण मांडणार?

डिसेंबरमध्ये नागपूरचे अधिवेशन असते आणि तिथे पुन्हा पुरवणी मागण्या येतीलच. जाण्याआधी त्या वाचाव्यात, ही अपेक्षा मी ठेवत नाही, कारण त्या तिथेच मिळतात. परत आल्यावर जानेवारीतल्या एखाद्या रविवारी शाहू स्मारक भवनात सगळ्यांनी एकत्र बसा. हार, सत्कार, प्रास्ताविक काही नको. प्रत्येकाने दहा मिनिटांत आपली पट्टी वाचायची आणि नंतर लोकांचे प्रश्न घ्यायचे. गडहिंग्लज, इचलकरंजी, मलकापूर, जयसिंगपूर इथल्या लोकांना कोल्हापूरला येणे जमणार नाही, त्यांच्यासाठी आमदारांनी आपापल्या गावी तेच करावे. कागद मात्र छापील हवा आणि सभेच्या आठ दिवस आधी हवा. रील नको. रीलमध्ये आकडे टिपून घेता येत नाहीत.

सभागृहाच्या भाड्याची अडचण असेल तर आम्ही यार्डातले लोक वर्गणी काढतो, पण त्याचा फलक आमचा लागेल.

कळावे,
गूळ पेढीवरचा एक हिशेबनीस
शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर
नोव्हेंबर २०२५